घरच्या घरी टॅपेट सेटिंग: आधी गेज, मग कान

प्रश्न थोडक्यात असा आहे. २०१५ ची स्प्लेंडर, ४८ हजार किलोमीटर झालेले. टिकटिक वाढली म्हणून गाडी मिस्त्रीकडे नेली. त्याने इंजिन चालू असतानाच टॅपेट आवळून दिले आणि आवाज गेला. पण आता सकाळी बऱ्याच किका मारल्याशिवाय गाडी चालू होत नाही, आणि गरम झाली की सिग्नलला आपोआप बंद पडते. फिलर गेज (बारीक फट मोजायची पातळ पाती) विकत आणलंय. घरी सेटिंग जमेल का, आणि आवाज परत आला तर काय करायचं?

जमेल. स्प्लेंडरसारख्या गाडीवर तर नक्की जमेल, कारण टाकी काढायची नाही, कॅमशाफ्टला हात लावायचा नाही, दोन गोल झाकणं उघडली की काम समोर. आवाजाबद्दल मात्र आधीच सांगतो: टॅपेट थोडे वाजले पाहिजेत. बिलकुल न वाजणारे टॅपेट दिसले की मला काळजी वाटते. तुमची गाडी आवाज करत होती तेव्हा बहुतेक ठणठणीत होती, बिघडली ती आवाज बंद केल्यावर.

व्हॉल्व्ह म्हणजे हवा-पेट्रोलचं मिश्रण आत घेणारी किंवा धूर बाहेर सोडणारी झडप. कॅमशाफ्ट फिरला की त्याचा उंचवटा, म्हणजे कॅम, रॉकर नावाच्या छोट्या दांड्याला ढकलतो. रॉकरच्या दुसऱ्या टोकाला एक छोटा स्क्रू असतो, तोच टॅपेट, आणि तो व्हॉल्व्हच्या दांडीवर दाबतो. व्हॉल्व्ह बंद असताना स्क्रू आणि दांडी यांच्यात केसाहून बारीक फट ठेवावी लागते, कारण गरम झाल्यावर व्हॉल्व्ह लांबतो. फट उरली नाही तर स्क्रू व्हॉल्व्हला सतत किंचित दाबून धरतो आणि व्हॉल्व्ह सीटवर, म्हणजे बंद होताना तो जिथे टेकतो त्या कडेवर, पूर्ण टेकत नाही. मग कम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, गळतं. तुमची सकाळची किकाकिकी आणि गरम इंजिनची आयडलिंग बसणं, दोन्ही त्याचीच लक्षणं. खरा घात मात्र एक्झॉस्ट, म्हणजे धूर सोडणाऱ्या, व्हॉल्व्हचा होतो. त्याचं डोकं सातशे अंश सेल्सिअसच्या आसपास तापतं, आणि ती उष्णता बाहेर जायला मुख्य वाट एकच: बंद असताना सीटला टेकून ती हेडला (सिलिंडरच्या डोक्यावरच्या भागाला) देणं. इंजिन ६००० आरपीएमवर असेल तर व्हॉल्व्ह सेकंदाला पन्नास वेळा उघडतो आणि पन्नास वेळा बंद होतो. प्रत्येक वेळी टेकायचं राहिलं, तर कड जळायला वेळ लागत नाही. कड जळाली की सेटिंगने काही होत नाही, हेड उतरवावं लागतं.

सैल टॅपेटचं तसं नाही. व्हॉल्व्ह किंचित उशिरा उघडतो, किंचित लवकर मिटतो, रॉकर टकटक आपटतो. फार सैल ठेवून महिनोन्महिने पळवली तर कॅम आणि रॉकर झिजतात, पण एखादा शतांश मिलिमीटर इकडेतिकडे झाल्याने कोणाचं इंजिन बसलेलं मी पाहिलं नाही. म्हणून शंका आली तर सैल बाजूला राहा.

आणखी एक गोष्ट लोकांना उलटी वाटते. गाडी जुनी झाली की टॅपेट सैलच होणार असं सगळे धरून चालतात. स्क्रूचं टोक, रॉकर, कॅम झिजले की फट वाढते, हे खरं. पण व्हॉल्व्हची सीट झिजली की व्हॉल्व्ह हेडमध्ये वर सरकतो, दांडी रॉकरच्या जवळ येते आणि फट कमी होते. म्हणजे आवाज न वाढता, उलट गाडी दिवसेंदिवस शांत होत होत टॅपेट घट्ट होऊ शकतात. सीएनजीवर धावणाऱ्या रिक्षांमध्ये हा प्रकार लवकर दिसतो, कारण कोरड्या गॅसवर सीट जास्त खाते. पेट्रोलमध्ये शिसं असायचं तेव्हा ते सीटवर थर धरून तिला सांभाळायचं. देशभरात शिसंविरहित पेट्रोल २००० साली आलं, तेव्हा जुन्या मऊ सीटच्या गाड्यांबद्दल हीच चिंता होती. आजच्या गाड्यांच्या सीट कडक धातूच्या असतात, तरी झीज ती झीजच. म्हणून कानाने निदान होत नाही. घट्ट टॅपेट बोलतच नाही.

आता कामाकडे.

इंजिन थंड हवं. स्प्लेंडरच्या इंजिनाची मूळ रचना होंडाची, आणि होंडा ३५ अंशांच्या खाली इंजिन असताना माप घ्यायला सांगते. याचा साधा अर्थ असा की रात्री लावलेली गाडी सकाळी, किक न मारता. ‘दोन तास उभी होती, गार झाली असेल’ हे चालत नाही, आत हेड गरमच असतं. नागपूर-चंद्रपूरकडच्यांनी मे महिन्यात हे काम सूर्य वर यायच्या आत उरकावं किंवा सरळ जूनपर्यंत थांबावं. तिथे दुपारी सावलीतली गाडीसुद्धा ३५ च्या वर असते.

आकडा तुमच्या गाडीच्या पुस्तकातला घ्या. मी मुद्दाम देत नाही. स्प्लेंडर १९९४ पासून विकली जातेय, नाव तेच राहून आत बरंच बदललंय, आणि शेजाऱ्याच्या गाडीचं माप आपल्या गाडीला लावणं हा गल्लोगल्लीचा रोग आहे. पुस्तक हरवलं असेल तर अधिकृत सर्व्हिस सेंटरला मॉडेल आणि वर्ष सांगून विचारा, आकडा सांगायला पैसे घेत नाहीत. पुढे बोलायला सोपं जावं म्हणून इनलेट (मिश्रण आत घेणारा व्हॉल्व्ह) ०.०५ आणि एक्झॉस्ट ०.१० मिमी धरतो. बऱ्याच गाड्यांत एक्झॉस्टची फट जास्त असते, कारण तो जास्त तापतो. इनलेटला येणारं गार मिश्रण थंड ठेवतं.

गेज घेतलंय ते एकदा नीट पाहा. स्वस्त गेजची पाती ०.०५ पासूनच सुरू होतात, तेवढं पुरतं. पण एका बाजूला मिलिमीटर आणि दुसऱ्या बाजूला इंच छापलेलं असतं, आणि फसगत तिथे होते. इंचातलं .००२ म्हणजे ०.०५ मिमी. जुने फिटर यालाच ‘दोन थाऊ’ म्हणतात. पण इंचातलं .००५ हे घाईत ०.०५ समजून वापरलं की फट ०.१३ मिमी होते, अडीचपट. पाती तेलकट असतात, दोन एकमेकींना चिकटून एक वाटतात, म्हणून आधी फडक्याने पुसून एकेक सुटी करा.

बाकी लागतं ते घरात असेल किंवा शेजारी मिळेल: झाकणाला आणि टॅपेटच्या लॉकनटला (स्क्रू जागेवर धरून ठेवणारा नट) बसणारे रिंग पाने, प्लग पाना, स्क्रूचं टोक धरायला टॅपेट की (नसेल तर बारीक पक्कड, पण स्क्रूचे कोपरे गोल झाले तर माझ्याकडे बोट दाखवू नका), क्रँकचा (पिस्टनच्या वरखाली हालचालीने फिरणारा इंजिनचा मुख्य दांडा) नट फिरवायला सॉकेट, फडकं, आणि खाली ठेवायला एखादं जुनं ताट. ताट यासाठी की या आडव्या इंजिनमध्ये इनलेटचं झाकण वर असतं आणि एक्झॉस्टचं खाली. खालचं उघडलं की तेल ठिबकतं. फार नाही, पण अंगणातल्या फरशीवर डाग पडायला पुरेसं.

उघडायच्या आधी धुवा. झाकणांच्या आणि प्लगच्या भोवती माती बसलेली असते, कोकणात लाल, उसाच्या पट्ट्यात काळी चिकट. ती प्लगच्या भोकातून सिलिंडरमध्ये गेली तर सेटिंग राहील बाजूला. आदल्या संध्याकाळी ब्रश आणि पाणी मारून ठेवा, सकाळी पंपाची हवा फुंका, मगच पाना लावा.

गाडी मेन स्टँडवर घ्या, न्यूट्रलमध्ये. प्लग काढा, म्हणजे कम्प्रेशन सुटतं आणि इंजिन दोन बोटांनी फिरतं. डावीकडच्या मॅग्नेट कव्हरवर दोन झाकणं असतात. मधल्यातून क्रँकचा नट दिसतो, बाजूच्या छोट्यातून खुणा. क्रँक इंजिन चालताना फिरतो त्याच दिशेने फिरवायचा. दिशेबद्दल खात्री नसेल तर गाडी वरच्या गिअरमध्ये टाका आणि मागचं चाक पुढे ढकला. क्रँक ज्या बाजूला वळेल ती दिशा. काही जण सगळं काम असंच चाकानेच करतात, तेही चालतं, फक्त खुणेवर नेमकं थांबवणं जरा कठीण जातं.

मॅग्नेटवर ‘टी’ आणि ‘एफ’ अशा दोन खुणा जवळजवळ असतात. ‘एफ’ ही ठिणगीची खूण, तिचं आपल्याला काम नाही. ‘टी’ ही रेघ कव्हरवरच्या खाचेसमोर आली की पिस्टन सगळ्यात वर असतो. पण चार स्ट्रोकच्या इंजिनात पिस्टन दोनदा वर येतो, एकदा कम्प्रेशनच्या शेवटी आणि एकदा धूर बाहेर टाकून झाल्यावर, आणि ‘टी’ दोन्ही वेळा जुळते. दुसऱ्या वेळी दोन्ही व्हॉल्व्ह किंचित उघडे असतात. त्या जागी टॅपेट लावले तर जे माप येईल त्याला काही अर्थ नाही, आणि घरी पहिल्यांदा करणाऱ्यांचं बहुतेक वेळा इथेच बिनसतं.

यावर खात्रीचा उपाय: वरचं झाकण उघडून इनलेटच्या रॉकरकडे पाहत क्रँक फिरवा. रॉकर व्हॉल्व्हला दाबेल, मग सोडून परत वर येईल. तो वर आल्यावर जी पहिली ‘टी’ जुळेल, ती कम्प्रेशनची. आता दोन्ही रॉकर बोटांनी हलवून पाहा, दोन्हींत अगदी बारीक कटकट जाणवली पाहिजे. तुमच्या गाडीत कदाचित जाणवणारच नाही, कारण ते आवळलेले आहेत. तेव्हा बोटांपेक्षा रॉकरच्या हालचालीवर विश्वास ठेवा. खूण ओलांडून पुढे गेलात तर उलटं फिरवून मागे आणू नका. टायमिंग चेनची ढील उलट्या बाजूला जाते, आणि काही इंजिनांत डीकम्प्रेशनची (किक हलकी करणारी) यंत्रणा उलट फिरवल्यावर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जरासा उचलते. पुढेच दोन पूर्ण फेऱ्या द्या आणि परत या.

आता काही सैल करायच्या आधी मोजा. हे बहुतेक जण वगळतात, आणि मला तर यातच सगळ्यात जास्त रस असतो. ०.०५ चं पातं स्क्रू आणि दांडीच्या मध्ये घाला. जात नसेल तर फट त्याहून कमी आहे. जात असेल तर एकेक जाड पातं लावत जा, कुठलं अडतं ते पाहा. दोन्ही बाजूंचं माप वहीत लिहा, किलोमीटरसकट. पुढच्या वेळी हाच आकडा सांगेल की गाडी कुठे चाललीय. दर तपासणीत एक्झॉस्ट आपोआप घट्ट होत असेल तर सीट संपत आलीय, आणि हेडच्या कामाचे पैसे बाजूला ठेवायला लागायचं. दर वेळी सैल होत असेल तर रॉकर किंवा कॅम पाहायचा.

लावताना लॉकनट अर्धी फेरी सैल करा, फट नसेल तर स्क्रू थोडा बाहेर घ्या, पातं फटीत ठेवा आणि स्क्रू हलक्या हाताने पात्याला टेकेपर्यंत आत घ्या. हे स्क्रू बारीक आट्यांचे असतात. आट्यांचं अंतर अर्धा मिलिमीटर असेल तर पूर्ण फेरीत फट ०.५ मिमी बदलते, म्हणजे ०.०५ मिमीसाठी फेरीचा दहावा भाग, ३६ अंश. हातातल्या पक्कडीची एवढीशी चाल म्हणजे तुमची पूर्ण इनलेटची फट! इंजिन चालू ठेवून कानाने सेटिंग करणारा माणूस किती कमी जागेत खेळत असतो, याचा यावरून अंदाज येईल.

पातं किती घट्ट लागलं पाहिजे, हे शब्दांत सांगणं अवघड. मिठाईच्या डब्याला लावलेली सेलोटेप सोडवताना बोटाला लागते तशी हलकी, सलग ओढ लागावी, पातं वाकू नये. पण नवख्या हाताने या ओढीवर फार भिस्त ठेवू नये. त्यापेक्षा दोन पात्यांची कसोटी लावा: ०.०५ चं पातं गेलं पाहिजे आणि ०.०७ किंवा ०.०८ चं अजिबात जाता कामा नये. एक्झॉस्टला ०.१० जावं, ०.१३ जाऊ नये. ही कसोटी हाताच्या अंदाजावर अवलंबून नाही, आणि मी गॅरेजमध्ये नवीन पोराला हीच शिकवतो. एक्झॉस्टला खालून, जवळजवळ आडवं पडून पाहावं लागतं. पातं सरळ जात नसेल तर त्याचं टोक थोडं वाकवून घ्या, पण वाकवायला गेजमधलं तेच एकमेव पातं वापरू नका.

मग स्क्रू जागेवर धरून लॉकनट आवळा. आणि पुन्हा मोजा. नट आवळताना स्क्रू हमखास थोडा फिरतो, शिवाय आट्यांतली ढील निघाल्यामुळे फट बदलते. पहिल्याच फटक्यात बरोबर येईल अशी अपेक्षा ठेवू नका. दोन-तीनदा सोडून लावावं लागतं, अनुभवी माणसालाही. कोणत्या बाजूला सरकते हे एकदा कळलं की स्क्रू तेवढा आधीच उलटा धरून नट आवळायचा. नट छोटा आहे, लांब पान्याने जोर लावाल तर आटे जातील. मनगटाच्या जोरावर थांबा. टॉर्क पाना असेल तर पुस्तकातला आकडा लावा. सैल राहिला तर स्क्रू फिरून टॅपेट भलतीकडे जातो, म्हणून दोन्ही नटांवर शेवटी पुन्हा एकदा पाना ठेवून पाहा.

दोन्ही झाल्यावर क्रँकला दोन फेऱ्या द्या, पुन्हा कम्प्रेशनच्या ‘टी’वर या आणि दोन्ही फटी परत तपासा. पहिल्या मापापेक्षा वेगळं आलं तर बहुधा पहिल्यांदा खूण नीट जुळली नव्हती. झाकणांच्या ओ-रिंगला तेलाचं बोट लावा. कडक झालेली, चपटी झालेली ओ-रिंग बदलाच. काही रुपयांची रिंग वाचवून हेडवर तेल ओघळलेल्या गाड्या रस्त्यावर भरपूर दिसतात. प्लग हाताने पूर्ण बसवून मगच पान्याने आवळा. हेडमधले प्लगचे आटे गेले तर ते टॅपेटच्या कितीतरी पट महागात पडतं.

आता चालू करा. थंड इंजिनला बारीक, एकसारखी टिकटिक येईल. येऊ द्या. गरम झाल्यावर ती बदलेल. माप बरोबर असूनही एकीकडून ठळक ‘टक टक’ येत असेल तर स्क्रूचं टोक पाहा. झिजून तिथे दांडीच्या मापाचा खळगा पडलेला असतो. सरळ पातं त्या खळग्याच्या कडांवर टेकतं, आत खरी फट जास्तच असते. म्हणजे गेज ०.०५ सांगतं आणि इंजिनाला लागते ०.१०. अशा वेळी स्क्रू बदला, स्वस्त आहे. फट कमी करून आवाज दाबू नका.

आणि प्रत्येक टिकटिक टॅपेटची नसते. सायलेन्सर हेडला जिथे बसतो तिथलं पॅकिंग फुटलं तर थंड असताना तसाच आवाज येतो, फक्त त्या जागी काजळी दिसते. टायमिंग चेन सैल असेल तर टिकटिक नाही, खरखर येते, आणि एक्सलेटर सोडल्यावर वाढते. तेल कमी असेल तर सगळंच वाजतं, म्हणून आधी डिपस्टिक पाहा. एप्रिल २०२० पासूनच्या बहुतेक बीएस ६ गाड्यांत इंजेक्टर (पेट्रोल फवारणारा भाग) असतो आणि तो चांगला असतानाही टिकटिक करतो. त्या आवाजासाठी टॅपेट आवळून घेतलेल्या दोन-चार गाड्या माझ्याकडे आल्या आहेत.

हे सगळं स्क्रू-नटच्या टॅपेटबद्दल. केटीएम ड्यूक ३९० सारख्या गाड्यांत स्क्रूऐवजी शिम, म्हणजे ठरावीक जाडीच्या चकत्या, असतात. फट मोजणं तिथे घरी जमेल, पण बदलायला कॅमशाफ्ट काढावा लागतो आणि मायक्रोमीटर लागतो. पहिला प्रयोग त्यावर करू नका. जुन्या ओतीव लोखंडी इंजिनच्या बुलेटचं वेगळंच: तिथे गेज नाही, थंड इंजिनवर पुशरॉड (कॅमपासून रॉकरपर्यंत जाणारी उभी दांडी) बोटांनी मोकळा फिरला पाहिजे पण वरखाली हलता कामा नये. बुलेटच्या त्यानंतर आलेल्या यूसीई (युनिट कन्स्ट्रक्शन) इंजिनमध्ये हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबाने आपोआप फट भरून काढणारे, टॅपेट आहेत, तिथे लावायला काहीच नाही.

तुमच्या गाडीकडे परत येतो. टॅपेट बरोबर लावून शंभरेक किलोमीटर चालवा. किक एकदोनमध्ये लागायला लागली आणि गरम आयडलिंग टिकली, तर वेळेवर सुटलात. नाहीच सुधारली तर व्हॉल्व्हची कड जळाली असण्याची शक्यता मोठी आहे. खात्री करायला प्लगच्या भोकातून चहाचा एक चमचा इंजिन ऑइल टाका, दोन-चार वेळा किक फिरवून तेल पसरू द्या, मग प्लग लावून किकला किती विरोध होतो ते पाहा. विरोध एकदम वाढला तर पिस्टनच्या रिंगा गेल्या आहेत. काहीच फरक पडला नाही तर व्हॉल्व्ह. हेड उतरवायला दिलंत तर लॅपिंग (व्हॉल्व्ह सीटवर घासून नीट बसवणं) झाल्यावर तुमच्या समोर पोर्टमध्ये पेट्रोल ओतायला सांगा, व्हॉल्व्हच्या कडेने ते दुसऱ्या बाजूला पाझरता कामा नये. आणि गाडी परत घेताना टॅपेटचं माप किती ठेवलंय ते विचारून वहीत लिहून घ्या. पाचशे किलोमीटरनंतर ते पुन्हा एकदा तपासावं लागेल, कारण नव्याने घासलेली सीट तेवढ्यात बसते आणि फट कमी होते.